गॅरेजची वही

12 ऑक्टोबर 2024, शनिवार. दसरा

सकाळी साडेसातला महापालिकेच्या गॅरेजात पोचले तर मामांनी पिटच्या काठावर सतरंजी अंथरून हत्यारे मांडली होती. पाने, जॅक, ग्रीसगन, टॉर्क रेंच, सगळे डिझेलने पुसून लख्ख केलेले. वर हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पाने. मामा आमचे हेड फिटर. तेहतीस वर्षे त्यांनी या गॅरेजात काढली, येत्या मेअखेरीस निवृत्त होतील.

पूजेनंतर पोरे गाड्यांना माळा घालत निघाली. घंटागाड्या झाल्या, कॉम्पॅक्टर झाले, आणि मागच्या भिंतीपाशी येऊन ती थबकली. तिथे 26 गाड्या रांगेने उभ्या आहेत. टिप्पर, डंपर प्लेसर, पाण्याचे टँकर, दोन बंब, जुन्या जीपा. एका टँकरच्या टपावर पिंपळ उगवला आहे. "हिला पण घालायची का?" एकाने विचारले. मामा म्हणाले, "घाला. चाकं हायेत ना अजून."

या गाड्या 2008 आणि 2009 सालच्या. आणखी तीन डिसेंबरपर्यंत त्यांच्या शेजारी येतील. केंद्राने जानेवारी 2023 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि त्या वर्षीच्या 1 एप्रिलपासून सरकारच्या, महापालिका-पंचायतींच्या, एसटीसारख्या उपक्रमांच्या पंधरा वर्षे भरलेल्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येईनाशी झाली. आधी नूतनीकरण करून घेतलेले असले तरी पंधरावे वर्ष भरले की नोंदणी रद्द. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्या तेवढ्या वगळल्या.

नियमाला मी दोष देत नाही. पंधरा वर्षांच्या इंजिनाचा धूर मी रोज खाल्ला आहे. पण 29 गाड्या एकदम गेल्या, कारण त्या एकदम आल्या होत्या. निधी एकगठ्ठा आला, खरेदी एकगठ्ठा झाली, मैदानात रांग लावून फोटो निघाला. मग आठ वर्षे टिप्पर नाही, टँकर नाही. आज त्यांच्या जागी भाड्याच्या गाड्या पळतात आणि भाड्याचे बिल दर महिन्याला माझ्या सहीने जाते.

17 ऑक्टोबर, गुरुवार

परवा विधानसभेची आचारसंहिता लागली. नव्या निविदा नाहीत, कार्यादेश नाहीत. एरवी हा काळ हातावर हात ठेवून जातो. या वेळी मी ठरवले आहे की प्रत्येक गाडीचे इतिहासपत्रक लिहून काढायचे. 96 गाड्या. आज नऊ झाल्या.

लॉगबुकात किलोमीटर आहेत, तेही बरेचदा अंदाजाने. आठ घंटागाड्यांचे मीटर बंद, आणि चालक रोज न चुकता 38 किलोमीटर लिहितात. पण आमच्या कामात किलोमीटरने गाडीचे वय कळतच नाही. घंटागाडी दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरात चालते, दर पन्नास पावलांवर थांबते, इंजिन सुरूच असते. सात तासांत 35-40 किलोमीटर होतात. तेवढ्यात क्लचवर जे बेतते ते महामार्गावरच्या ट्रकला हजार किलोमीटरमध्येही भोगावे लागत नाही. बंबाचे नेमके उलटे. पंधरा वर्षांत थोडेसेच किलोमीटर, इंजिन ठणठणीत, पण पंपाचे सील वाळून चिरलेले, कारण पंप आठवड्यातून एकदा पाणी घेऊन चालवायला हवा तो चालवला नाही. जेसीबी जागेवरच राबतो. त्याचा हिशेब तासांचाच.

म्हणून पत्रकात तासांचा रकाना घातला. ज्या गाड्यांना तासमापक नाही त्यांचे तास हजेरीवरून काढायचे.

6 नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीचा कचरा आज संपला. चार दिवस गाड्यांना तिसरी फेरी करावी लागली. तीन क्लच प्लेटा गेल्या, एका कॉम्पॅक्टरचा पाटा तुटला.

संध्याकाळी एका घंटागाडीखाली दिवा लावून पाहिले. 2018 ची गाडी. इंजिन चांगले, पण ओल्या कचऱ्याच्या कप्प्याचा तळ चाळणीसारखा. ओल्या कचऱ्याचे आंबट पाणी लोखंडाला खाते. गाडी रोज रिकामी झाल्यावर दाबाच्या पाण्याने आतून धुतली आणि दोन वर्षांतून एकदा आत इपॉक्सीचा लेप दिला तर तळ दुप्पट टिकतो. आमच्याकडे धुण्याचा रॅम्प नाही. गाड्या नाल्याकाठी नेऊन बादलीने धुतात, म्हणजे तेल आणि ते पाणी दोन्ही सरळ नाल्यात. ज्या खात्याने शहर स्वच्छ ठेवायचे त्याच्याच गाड्यांचे हे पाणी आहे. मला याची लाज वाटते.

29 नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे पाहिले ते इथे लिहून ठेवते, कारण फाइलीत ते कधी येणार नाही.

तुंबलेली गटारे मोकळी करणारे जेटिंग मशीन 18 तारखेपासून उभे आहे. उच्च दाबाच्या पंपाचे सील गेले. सीलचा संच काही हजार रुपयांचा. पण तो आमच्या भांडारात नाही, त्यामुळे मागणीपत्र, तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, लेखा विभागाचा शेरा, मान्यता. आजचा बारावा दिवस. दुसरे मशीन भिंतीपाशी आहे, माळ घातलेल्या रांगेत.

दुपारी साइटवरून परत येताना एका वस्तीच्या तोंडाशी गर्दी दिसली. मैलापाणी रस्त्यावर आले होते. मॅनहोलचे झाकण बाजूला, त्याच्या काठावर पंचविशीचा एक मुलगा पाय आत सोडून बसलेला, कमरेला दोर. ठेकेदाराचा मुकादम शेजारी उभा. मी गाडी थांबवून धावले. मुकादम म्हणाला, "मॅडम, चार दिवस लोक शिव्या घालतायत. मशीन कुठंय? तुमचंच मशीन बंद आहे ना?"

मी मुलाला वर घ्यायला लावले. शेजारच्या नगरपालिकेत ओळखीच्या अभियंत्याला फोन केला, संध्याकाळी सातला त्यांचे मशीन आले, चाळीस मिनिटांत तुंबा निघाला. मुकादमाविरुद्ध लेखी अहवाल दिला. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाला तर कुटुंबाला तीस लाख द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 ला सांगितले, त्याआधी ती रक्कम दहा लाख होती. हे सगळे मी अहवालात लिहिले.

पण मुकादमाचा प्रश्न खरा होता. मशीन माझेच बंद होते. गॅरेजात एक सील नसले की शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगा मॅनहोलच्या काठावर येऊन बसतो. या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे असे आपल्याला वाटते ते मुळीच नाही. सेवेतल्या सात-आठ वर्षांत मी "वाहन उपलब्धता" हा शब्द शेकडो वेळा लिहिला असेल. त्याचा अर्थ आज दुपारी कळला.

मुलगा जाताना म्हणाला, "ताई, उद्या काम आहे ना?" त्याला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही.

11 डिसेंबर, बुधवार

रजा घेऊन एसटीच्या विभागीय कार्यशाळेत गेले. बाबा आगारात मेकॅनिक होते, त्यामुळे तिथला वास ओळखीचा आहे. त्यांच्याबरोबर काम केलेले एक काका अजून तिथे आहेत. त्यांनी चार तास फिरवले.

एसटीत कामाच्या तीन पायऱ्या आहेत. रोजची तपासणी आणि ठरलेल्या अंतरानंतरचे डॉकिंग आगारात. मोठी दुरुस्ती विभागीय कार्यशाळेत. बांधणीचे काम दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत. पण मला सगळ्यात मोलाची वाटली ती युनिट बदलण्याची पद्धत. गिअरबॉक्स गेला तर तो गाडीखाली बसून दुरुस्त करत नाहीत. आधीच दुरुस्त करून फळीवर ठेवलेला दुसरा गिअरबॉक्स चढवतात, गाडी लगेच मार्गावर जाते, आणि बिघडलेला गिअरबॉक्स बाकावर सावकाश उघडला जातो. म्हणजे दुरुस्तीला वेळ लागतो तो सुट्या भागाला, गाडीला नाही.

काका म्हणाले, "पोरी, गाडी उभी राहिली की तिच्यात बसणारे साठ जण उभे राहतात, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

आमच्याकडे एका गिअरबॉक्ससाठी गाडी वीस-वीस दिवस पिटवर असते, आणि पिट एकच. ती वीस दिवस अडकली की बाकीच्यांची नियमित सर्व्हिसिंग बंद. सर्व्हिसिंग बंद म्हणून पुढचा गिअरबॉक्स लवकर जातो. हे चक्र तोडायला नवी गाडी नको. दोन गिअरबॉक्स, दोन स्टार्टर, चार क्लच संच आणि जेटिंग पंपाचे सील फळीवर हवे, एवढेच. त्यासाठी सुट्या भागांचा वार्षिक दरकरार करावा लागेल. आजच मसुदा करायला घेतला.

26 डिसेंबर, गुरुवार

जुन्या जकात नाक्याची जागा पाहिली. जकात गेली तसे नाके ओस पडले. आमच्या या नाक्यावर झाडे माजली आहेत, पण जागा ट्रकसाठीच केलेली: रुंद फाटक, वळायला मोकळे मैदान, काँक्रीटचा तळ, बाहेर मोठा रस्ता. कचरा प्रक्रिया केंद्र तिथून जवळ. आताचे गॅरेज बाजारपेठेत अडकले आहे. घंटागाडी केंद्रावर रिकामी होऊन गॅरेजला येते त्यात रोज सहा किलोमीटर जास्तीचे पडतात. 42 गाड्या, वर्षाचे तीनशे दिवस. 75,600 किलोमीटर. लिटरला बारा धरले तरी 6,300 लिटर डिझेल नुसते घरी येण्यात जाते.

आराखडा एका सल्लागाराने आधीच दिला होता. शेडची उंची साडेचार मीटर. मामांनी आराखडा हातात घेतला, काही बोलले नाहीत, बांबू आणि टेप घेऊन कॉम्पॅक्टरपाशी गेले. मागचा झडपा पूर्ण उचलायला लावला आणि बांबू लावून मोजले. सव्वापाच मीटर. हायड्रॉलिक दुरुस्त करायचा तर झडपा वर घ्यावाच लागतो. त्या शेडमध्ये आमची सगळ्यात महागडी गाडी दुरुस्तच झाली नसती. उंची सात मीटर करायला सांगितली, वर चेनब्लॉकसाठी गर्डर.

किती बे हवेत ते मी असे काढले. प्रत्येक गाडीला महिन्यातून अर्धा दिवस सर्व्हिसिंग. 96 गाड्यांचे 48 दिवस, महिन्याचे कामाचे दिवस 25, म्हणजे नुसत्या सर्व्हिसिंगला दोन बे सतत भरलेले. दुरुस्तीसाठी कोणत्याही दिवशी दहा-अकरा गाड्या आत असतात. त्यातल्या निम्म्या सुट्या भागाची वाट पाहत असतात, त्या बाहेर उभ्या राहू शकतात. पाच बे दुरुस्तीला. एक वेल्डिंग आणि पत्राकामाला, बाकीच्यांपासून लांब. एक टायरला. धुण्याचा रॅम्प वेगळा, त्याला गाळ बसायचा खड्डा आणि तेल वेगळे काढणारी टाकी. जळालेल्या तेलाची पिंपे छपराखाली, कठडा बांधून. ते तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचे, रस्त्यावरच्या भंगारवाल्याला नाही.

फिटरांची कपडे बदलायची खोली आणि बाईमाणसांसाठी स्वच्छतागृह आराखड्यात नव्हते. तेही लिहिले. मी इथे लागले तेव्हा स्वच्छतागृहासाठी शेजारच्या शाळेत जावे लागे.

9 जानेवारी 2025, गुरुवार

इतिहासपत्रके पूर्ण झाली. सगळी जमिनीवर वर्षांप्रमाणे मांडली तेव्हा दोन ढीग उठून दिसले. 2008-09 मध्ये 29. आणि 2018 मध्ये 38, त्या सगळ्या घंटागाड्या, स्वच्छ भारत अभियानाच्या काळातल्या. दुसरा ढीग याच वर्षी खचणार आहे.

घंटागाडी कधी बदलावी, याचा हिशेब लेखाधिकाऱ्यांना समजावा म्हणून गोल आकडे धरून मांडला. समजा गाडी सात लाखांची. पहिल्या वर्षी दुरुस्ती पंधरा हजार, मग पंचवीस, चाळीस, साठ, पंचाऐंशी हजार, सहाव्या वर्षी एक लाख दहा, सातव्या दीड लाख, आठव्या दोन लाख दहा, नवव्या दोन लाख सत्तर. आता खरेदी आणि तोपर्यंतची दुरुस्ती एकत्र करून वर्षांनी भागायची. पाचव्या वर्षी गाडी काढली तर दर वर्षाला 1.85 लाख पडते. सहाव्या 1.72. सातव्या 1.69. आठव्या 1.74. नवव्या पुन्हा 1.85. सातव्या वर्षानंतर ठेवलेली गाडी वाचवत नाही, खाते. यात ती बंद असलेल्या दिवसांची किंमत धरलेलीच नाही.

42 भागिले सात, वर्षाला सहा. टिप्पर-डंपर प्लेसर बारा, त्यांना दहा वर्षे, वर्षाला एक आणि कधी दोन. कॉम्पॅक्टर सहा, आठ वर्षे. जेटिंग-सक्शन चार, टँकर नऊ, बंब पाच. प्रत्येकाचे आयुष्य वेगळे लावले. सगळे धरून वर्षाला साधारण अकरा-बारा गाड्या. अंदाजपत्रकाला हा नियमित खर्च झेपतो. न झेपणारी गोष्ट एकच आहे, आठ वर्षे काहीही न घेणे आणि मग एकदम चाळीस.

लेखाधिकाऱ्यांनी तक्ता दोनदा वाचला. मग विचारले, "मग हे आधी कोणी का नाही मांडलं?" पत्रके नव्हती म्हणून, असे सांगितले.

21 जानेवारी, मंगळवार

एका चालकाने नव्या कॉम्पॅक्टरच्या डीईएफच्या टाकीत साधे पाणी भरले. युरियाचे ते द्रावण त्याने कधी पाहिलेच नव्हते, आणि दाखवायचे काम आमचे होते. दोन दिवस गाडी बंद, बाहेरचा माणूस बोलवावा लागला.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्या पान्याने उघडत नाहीत, स्कॅनरने उघडतात. धुराच्या नळीतला फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्याला बराच वेळ सलग वेगाने पळावे लागते. गल्लीबोळात रांगणारी डिझेल घंटागाडी कधी पळत नाही, म्हणून फिल्टर तुंबतो. आठवड्यातून एकदा रिंगरोडवर अर्धा तास नेऊन आणणे, हेसुद्धा आता देखभालीत मोडते. शहराच्या कामाला विजेची घंटागाडी खरोखर योग्य आहे: थांबत-थांबत चालायचे, रात्री उभे राहायचे. राज्याच्या 2021 च्या धोरणाचाही रोख तिकडेच. पण वीस गाड्या रात्री एकदम 3.3 किलोवॉटच्या चार्जरवर लावल्या तर 66 किलोवॉट लागतात, आणि आमच्या गॅरेजाची वायरिंग वेल्डिंग मशीन लावले तरी दिवे मंद करते. आधी वीजभार, मग गाड्या. महावितरणकडे नाक्याच्या जागेसाठी चौकशी केली.

30 जानेवारी, गुरुवार

आयुक्त साहेबांपुढे सादरीकरण. सध्या निवडून आलेले सभागृह नाही, प्रशासक म्हणून स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच.

पुढे ठेवलेल्या टिपणीत वेगळाच प्रस्ताव होता: उपलब्ध निधीतून 40 घंटागाड्या एकरकमी, जेम पोर्टलवरून, मार्चपूर्वी. कार्यशाळेचा उल्लेख शेवटच्या ओळीत, "निधीच्या उपलब्धतेनुसार".

मी दोन्ही ढिगांचा तक्ता लावला. सांगितले, साहेब, आज 40 घेतल्या तर 2032 मध्ये हाच तक्ता पुन्हा इथे असेल, फक्त आकडे बदललेले. 38 पैकी सोळा गाड्या खरोखर संपल्या आहेत, मी प्रत्येकीच्या खाली झोपून पाहिले आहे. बाकी बावीस तळ बदलून, लेप देऊन दोन ते चार वर्षे चालतील. या वर्षी सोळा घ्या, पुढे दर वर्षी सात-आठ. उरलेल्या पैशात नाक्यावर शेड, पिट, रॅम्प आणि सुट्या भागांचे भांडार.

अतिरिक्त आयुक्त म्हणाले, "मॅडम, गाड्या लोकांना दिसतात. पिट कोणाला दिसतो?"

मी 29 नोव्हेंबरचा अहवाल वाचून दाखवला. पूर्ण. मुलाचे नाव गाळून, पण पाय आत सोडून बसला होता हे वाक्य तसेच ठेवून. खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. साहेबांनी विचारले, "त्या दिवशी सील भांडारात असतं तर मशीन किती वेळात निघालं असतं?" मामांना मी मुद्दाम बरोबर नेले होते. मामा उभे राहून म्हणाले, "साहेब, तीन तास. चहा धरून."

साहेबांनी टिपणीवर काहीतरी लिहिले. काय ते दाखवले नाही.

फिटरांचा विषय मात्र हलला नाही. मंजूर पदे चौदा, कामावर सहा, मेनंतर पाच. आस्थापना खर्च 35 टक्क्यांच्या वर असल्याने भरती नाही. नव्या शेडमध्ये काम करणार कोण, याचे उत्तर आज मिळाले नाही आणि ते मिळेपर्यंत मी विचारत राहणार आहे. आयटीआयच्या शिकाऊ उमेदवारांचा प्रस्ताव तरी तातडीने देते.

20 मार्च, गुरुवार

भिंतीपाशीच्या गाड्या गेल्या. पूर्वी लिलावात कोणीही बोली लावे आणि आमचा टिप्पर सहा महिन्यांनी शेजारच्या तालुक्यात वाळू वाहताना दिसे. आता पंधरा वर्षांच्या गाड्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांनाच द्याव्या लागतात. ते जमा केल्याचे प्रमाणपत्र देतात, चॅसिसवरचा क्रमांक कापून ठेवतात, म्हणजे ती गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ शकत नाही. ही सुधारणा चांगलीच आहे.

क्रेन लागली तेव्हा एका टिप्परवर दसऱ्याच्या झेंडूचा वाळका दोरा अजून लोंबत होता. मामांनी तो काढून घेतला. त्या टिप्परचे इंजिन त्यांनी दोनदा बांधले होते. म्हणाले, "ताई, हिला धुवायला जागा असती तर हिची बॉडी पण हिच्या इंजिनाएवढी टिकली असती."

जागा मोकळी झाली. 29 गाड्यांनी किती जमीन व्यापली होती ते आज कळले.

1 एप्रिल, मंगळवार

अंदाजपत्रकाची प्रत हातात आली. घंटागाड्या: 16. जकात नाका कार्यशाळा, पहिला टप्पा: तीन पिट, धुण्याचा रॅम्प तेलविलगीकरण टाकीसह, सात मीटर उंचीची शेड, भांडार. टायरचा बे आणि चार्जिंग दुसऱ्या टप्प्यात. सुट्या भागांच्या दरकरारास मान्यता, आणि जेटिंग, बंब, रुग्णवाहिका या तीन प्रकारांचे अत्यावश्यक भाग कायम शिलकीत ठेवण्याचा आदेश. आणि एक नवे लेखाशीर्ष: वाहन पुनर्स्थापना निधी, दर वर्षी तरतूद, इतर कामांकडे वळवू नये असा शेरा.

शेरा पाळला जाईल का, हे पुढच्या तीन-चार अंदाजपत्रकांत दिसेल. तोवर पत्रके मी दर महिन्याला भरत राहीन, आणि माझ्या जागी जे येतील त्यांच्यासाठी पहिल्या पानावर ती कशी भरायची ते लिहून ठेवले आहे.

28 मे, बुधवार

यंदा पाऊस मेमध्येच कोसळला. नालेसफाई अर्धी असतानाच सगळीकडून फोन. जेटिंग मशीन तीन दिवस जवळजवळ अखंड चालले आणि आज पहाटे साडेपाचला त्याचा पंप पुन्हा गळू लागला.

नाक्यावरची शेड अजून उभी राहायची आहे, पायाचे खड्डे पाण्याने भरलेत. पण भांडाराची फळी जुन्या गॅरेजात एप्रिलमध्येच लावली होती. सीलचा संच दुसऱ्या खणात, डावीकडे, नाव लिहिलेल्या डब्यात. मामांनी दोन शिकाऊ पोरांना शेजारी बसवले, पंप उघडला, एकेक सील त्यांच्या हाताने बसवून घेतले. स्वतः फक्त बोटाने दाखवत होते. येत्या शनिवारी त्यांचा शेवटचा दिवस.

नऊ वाजता मशीन बाहेर पडले. नोव्हेंबरमधल्या त्याच वस्तीत पाणी तुंबले होते. मी मागोमाग गेले. पावणेअकराला मॅनहोलमधले पाणी खाली गेले. पाइप आत गेला, माणूस कोणी गेला नाही.